चाईचा मोहर : राजूरचे चार दिवस

लग्नाआधी आईनं नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरजवळच्या एका शाळेत दोन वर्षं नोकरी केली, 1973 ते 1975. त्या दोन वर्षांच्या गोष्टी आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाल्यात की तिथल्या ओढ्यांची वळणंसुद्धा मला पाठ आहेत. एक गोष्ट मात्र दरवेळी अर्धवट राहायची. एका मुलीच्या डब्यातल्या भाजीची. "आंब्याच्या मोहरासारखी दिसायची गं. हिरवट पांढरी. मी माझी पोळी तिला द्यायची आणि तिची भाजी घ्यायची. काय चव होती!" नाव विचारलं की आई छताकडे बघायची.

ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाला राजूरला रानभाज्यांचा महोत्सव भरणार असल्याचं एका मैत्रिणीकडून कळलं. आईला सांगितलं, तर तिनं वय (74) आणि गुडघे यांचा उल्लेखही न करता पिशवी भरायला घेतली.

पहिला दिवस : पुणे ते राजूर

नारायणगाव, संगमनेर, अकोले. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. संगमनेरला चहा घेतला तेव्हा ऊन होतं. अकोल्यात भुरभुर सुरू झाली आणि राजूरच्या अलीकडे वायपर फुल स्पीडवर. या एकाच तालुक्यात पूर्वेकडे टँकरची वाट बघणारी गावं आहेत आणि पश्चिमेच्या टोकाला घाटघर आहे, ज्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आई अजून 'नगर'च म्हणते आणि तिच्याबरोबर चार दिवस काढल्यावर मीही.)

मुक्कामाचा मात्र घोळ झाला. फोनवर 'घरगुती जेवण' असं आश्वासन देणाऱ्या लॉजवर पोचलो तर मेनूत पनीर बटर मसाला, काजूकरी आणि व्हेज मांचुरियन. भाकरी? "पोळी आहे ना मॅडम." आईनं पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. शेवटी शेजारच्या किराणा दुकानदारानं त्याच्या ओळखीतल्या एका घरी फोन लावला. गावाबाहेर, भाताच्या खाचरांना लागून असलेलं घर. सासू, सून, मुलगा, दोन नातवंडं आणि गोठ्यात एक डांगी गाय. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि तेल चोळल्यासारखी कातडी. या पावसात टिकायची ती तयारी. डिसेंबरात राजूरला जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा अशाच गायी-बैलांनी मैदान भरतं म्हणे.

आईनं 'मी इथं शाळेत शिकवायची' एवढंच सांगितलं आणि त्या क्षणापासून ती सगळ्या घराची 'बाई' झाली. मी ताई. पुढचे चार दिवस मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

रात्री नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि पातळ वरण. सूनबाई भाकरी करत होत्या तेव्हा मी चुलीपाशी ठाण मांडलं. नागलीत चिकटपणा नसतो, म्हणून पीठ आधी उकळत्या पाण्यात उकडून घ्यायचं, हात भाजत मळायचं आणि काठवटीत पाण्याच्या हातानं थापायची. मी एक थापली. तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. धाकट्या नातीनं ते तुकडे मोजून मला सांगितले.

जाणाऱ्यांसाठी : पावसाळ्यात मुंबईकडून येणार असाल तर कसारा, घोटी, बारी असा रस्ता सोयीचा. दरडीची बातमी मात्र निघण्याआधी बघा. राजूरच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि रोख पैसे जवळ ठेवा.

दुसरा दिवस : महोत्सव

9 ऑगस्ट. सकाळपासून गावात ढोल. मिरवणुकीत राघोजी भांगरे यांच्या तसबिरी होत्या. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी इंग्रज आणि सावकारांविरुद्ध उठले आणि 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्यामागून कांबडनाच करणाऱ्यांची रांग. पाऊस मध्येच कोसळायचा. पण नाचणारे थांबत नव्हते आणि बघणारे छत्र्या उघडत नव्हते, त्यामुळे आम्हीही भिजलो.

महोत्सव एका सभागृहात होता. पंचवीस-तीस टेबलं, प्रत्येकामागे बचतगटाच्या दोन-तीन बायका, टेबलावर कच्ची भाजी, शिजवलेली भाजी आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं नाव. भारंगी, कुर्डू, टाकळा, फोडशी, करटोली, तेरा, आघाडा, बांबूचे कोंब. पाककृतींची स्पर्धाही होती आणि स्पर्धा म्हटल्यावर जे होतं ते झालंच होतं. काकडीची कमळं, टोमॅटोचे गुलाब, एका भाजीवर चीज किसलेलं. भारंगीचं कटलेट होतं. नागलीचे मोमो होते. मोमो बघून मी नाक मुरडलं आणि मग सहा खाल्ले. ते खरंच चांगले होते, कबूल करते.

पण या टेबलांपाशी खरी मजा विचारण्यात होती. कुणीही 'पौष्टिक असते' वगैरे सांगून थांबत नव्हतं. प्रत्येकीकडे आपापल्या भाजीचं वेळापत्रक होतं आणि काय काढून टाकायचं याची यादी होती. टाकळ्याच्या टेबलावरची बाई स्वतःच म्हणाली, "ही आता जून झालीय ताई. पहिल्या पावसात यायचं होतं. आता नुसती दाखवायला ठेवलीय." भारंगीचा पाला उकळून कडू पाणी पिळून टाकायचं, मगच फोडणी. फोडशीची पात धुताना मुळाकडच्या पांढऱ्या भागातली माती काढायची आणि मधला कडक दांडा ओढून टाकायचा. बांबूचे कोंब पातळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी फेकायचं, नाहीतर विषबाधा होऊ शकते. तेऱ्याला चिंचेचं पाणी हवंच, नाहीतर घसा खवखवतो. शेवळं जूनमध्येच संपलेली, पण त्यांची गोष्ट सांगायला दोघीजणी भांडत होत्या, काकडाची फळं किती घालायची यावरून.

आई पुढे गेली होती. मी भारंगीपाशी असताना तिचा आवाज ऐकला. "हीच!"

टेबलावर केळीच्या पानात हिरवट मोत्यांच्या सरांसारख्या लोंब्या ठेवल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या मुलीनं पुठ्ठा सरळ केला. चाईचा मोहर.

"चाई," आई म्हणाली. मग पुन्हा, "चाई." मग पर्समधलं पेन काढून तिनं ते तळहातावर लिहिलं, शाळेतली मुलं उत्तरं लिहितात तसं.

चाई हा कंदाचा वेल. पाऊस सुरू झाला की झाडाझुडपांवर चढतो. आधी त्याचे कोवळे कोंब खातात आणि श्रावण-भाद्रपदात हा फुलोरा. मुलीनं साफ कसा करायचा ते दाखवलं. लोंबीचं टोक डाव्या चिमटीत धरायचं आणि उजव्या हाताची दोन बोटं उलट्या दिशेनं खाली ओढायची. बारीक दाणे ताटलीत टपटप पडतात, हातात हिरवा दोरा राहतो. आईनं चार-पाच लोंब्या सोलल्या. तिची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालीत, पण या कामात ती बरोबर चालली. मग कांदा, लसूण आणि हिरवी मिरची घालून केलेली भाजी तिनं खाल्ली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"छान आहे," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "पण आठवत नाही गं. अशीच होती का कोण जाणे."

पन्नास वर्षांनी नाव सापडलं आणि चव हरवली. मला वाईट वाटलं. आई दुसऱ्या टेबलाकडे निघालीसुद्धा होती.

आमच्या सूनबाईंच्या गटाला स्पर्धेत काही मिळालं नाही. त्यांनी वरईचा भात आणि कुर्डूची भाजी केली होती, सजावट शून्य. पहिलं बक्षीस चीजवालीला. सूनबाई घरी येईपर्यंत यावर हसत होत्या, पण घरी आल्यावर पातेली जरा जोरात आपटली.

संध्याकाळी सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्यांना आम्ही मावशी म्हणत होतो. वय त्यांना स्वतःला माहीत नाही, आईच्याच आसपास असाव्यात. आईनं डब्याची गोष्ट त्यांना सांगितली, नेहमीच्या उत्साहानं, नाव आता माहीत असल्यामुळे जास्तच रंगवून. मुलगी कशी शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायची, डबा झाकणाआडून कशी खायची, आई कशी मुद्दाम तिच्याशेजारी जाऊन बसायची.

"लाजायची फार," आई म्हणाली.

मावशी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लाजंल नाहीतर काय. भाकर नसंल तिच्या डब्यात."

आई थांबली.

"श्रावणात कणगीत दाणा नसायचा बाई. भाताच्या आवणीला, लावणीला खर्च व्हायचा, नवं भात दिवाळीला यायचं. मधले दोन महिने रानात जायचं. चाई, कुर्डू, लोत, जे घावंल ते. उकडायचं, मीठ टाकायचं. असलंच तर मूठभर वरईचं पीठ लावायचं. भाकरीबरोबर भाजी खातात ती आता. तव्हा भाकर नव्हती म्हणून भाजी व्हती."

पुढे आदिवासी विकास महामंडळाची खावटी, म्हणजे खाण्यापुरती कर्जाऊ मदत, मिळू लागली. पावसाळ्यातल्या या उपासमारीच्या महिन्यांसाठीच ती होती. नंतर रेशनचा तांदूळ आला. मावशींनी हे सगळं त्याच सुरात सांगितलं, खडे बाजूला करत. दुपारच्या महोत्सवात त्याही आल्या होत्या. कसं वाटलं, मी विचारलं. "आमच्या पोरीबाळी पुठ्ठा लावून बसल्या, बरं वाटलं. आम्ही लपवून खाल्लं." मग हसून, "पर त्या मोहरावर खोबरं कशाला घालत्यात?"

आई बराच वेळ गप्प होती. जेवायला बसल्यावर हळूच मला म्हणाली, "नव्हतीच गं भाकरी. मला आत्ता दिसतंय. डब्यात नुसती भाजी होती, काठोकाठ."

रात्री नऊच्या सुमाराला पाऊस जरा उघडला तसा घरचा मुलगा बॅटरी आणि पोतं घेऊन निघाला. मी मागोमाग. ओढ्याच्या कडेला दगड हलवायचे, उजेडात खेकडा थिजतो, पाठीमागून नांग्या धरून उचलायचा. त्यानं अर्ध्या तासात अकरा धरले. मी एकही नाही, उलट एका खेकड्यानं माझ्या रेनकोटची बाही धरली आणि सोडेना. परत आल्यावर सूनबाईंनी खेकड्यांचे बारीक पाय पाट्यावर पाणी घालून वाटले, ते पाणी गाळलं आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ओतलं. कालवणाची सगळी चव त्या गाळलेल्या पाण्यात असते. बरोबर काळभात. साळीचं टरफल काळं, आतला दाणा पांढरा आणि शिजताना पडवीपर्यंत येणारा वास. उत्पन्न कमी आणि रोप उंच वाढून वाऱ्यात आडवं होतं, म्हणून आता घरापुरताच लावतात. बाकी शेतात इंद्रायणी.

साडेदहाला जेवलो. आई खेकडे खात नाही. तिनं भात आणि ताक घेतलं आणि दुपारची उरलेली चाई मागून घेतली. भाकरी नको म्हणाली.

तिसरा दिवस : कोंभाळणं हुकलं, घाटघर झालं

कोंभाळण्याला जायचं ठरवलं होतं. राहीबाई पोपेरे यांचं गाव. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजातल्या बाईंनी घेवडा, वाल, भात, भाज्या यांची गावठी बियाणी जमवून बियाणे बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. पण सकाळी वाटेतल्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं आणि पलीकडून एसटीचा ड्रायव्हर हातानं 'मागे फिरा' म्हणत होता. फिरलो.

(फरशी पुलावर पाणी दिसलं की गाडी घालू नका. गुडघाभरच वाटतं. ते तुम्हाला वाटतं, गाडीला नाही.)

मग शेंडीमार्गे घाटघर. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. प्रवरेवरचं हे धरण भरत आलं की रंधा धबधब्यापासून धरणापर्यंत गाड्यांची रांग लागते. आम्ही न थांबता पुढे निघालो. घाटघरच्या रस्त्यावर दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. धुकं हलायचं तेवढ्यात डावीकडे जलाशय, उजवीकडे डोंगर आणि त्यावरून सुटलेले पाण्याचे पांढरे दोर. कळसूबाई (1646 मीटर) त्या बाजूला कुठेतरी होती, विश्वास ठेवायचा. कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहिलो तर खालून वर येणारा वारा पाऊस उलटा फेकत होता. आईची छत्री तिथंच गेली. वरच्या दिशेनं.

परतताना एका वळणावर आवणी चालली होती. दहा-बारा बायका, पाठीवर प्लॅस्टिकच्या खोळी. एकीच्या पाठीवर मात्र जुनं इरलं, पानांनी शाकारलेलं. आईनं गाडी थांबवायला लावली आणि त्या बाईला ते कुठं मिळतं विचारलं. "मिळत नाही, सासऱ्यानं केलंय," एवढंच उत्तर आलं, रोपं लावता लावता. वरच्या उतारावर नागलीची रोपं, त्याच्याही वर वरईचा हिरवा पट्टा. सपाटीला भात, उताराला नागली, कड्यालगत वरई. ताटात काय येणार हे इथं जमिनीचा उतार ठरवतो.

दुपारी शेंडीत गरम भजी खाल्ली. त्याबद्दल तक्रार नाही, कौतुकही नाही.

एक सूचना आणि ती महत्त्वाची : स्वतः भाजी खुडायला जाऊ नका. याच दिवसांत कळलावी फुलते, लाल-पिवळी, बघत राहावी अशी, आणि ती विषारी आहे. चाईच्या भावकीतले काही कंदही नीट प्रक्रिया न करता खाल्ले तर बाधतात. बाजारात बसलेल्या बाईकडून विकत घ्या, कशी करायची ते तिलाच विचारा आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती तुमच्या आधी चार तास रानात गेलेली असते.

चौथा दिवस : परत

सकाळी राजूरच्या बाजारपेठेतून पेढे घेतले. खरपूस आटवलेल्या दुधाचे, जरा तपकिरी. पुण्यात पोचेपर्यंत अर्धा किलोचे पाव किलो झाले, कुणी खाल्ले ते विचारू नये. करटोली घेतली, चाईच्या लोंब्यांची एक जुडी घेतली, काळभात दोन किलो.

निघताना मावशींनी आईच्या हातात फडक्याची गाठोडी दिली. उघडून बघितलं तर राखेत घोळवलेलं बी. घेवड्याचं, पांढऱ्यावर तांबड्या रेघा. राखेनं कीड लागत नाही.

"पुढच्या मृगात लावा," मावशी म्हणाल्या. "एक मूठ नेली, दोन मुठी आणायच्या."

मला वाटलं, गमतीनं म्हणाल्या. सूनबाई म्हणाल्या, नाही, इथं बी असंच देतात. नेलं त्याच्या दुप्पट परत.

"कशावर चढतो?" आईनं विचारलं.

"कशावरबी. मांडव घाला नाहीतर झाड द्या."

गाडी सुरू झाली तेव्हा आई काचेतून हात हलवत होती आणि दुसऱ्या हातात गाठोडी घट्ट होती. संगमनेर येईपर्यंत ती फक्त एकदा बोलली. त्या मुलीचं नाव तिला आठवत होतं, आडनाव नाही.

चाईची भाजी मी दुसऱ्या दिवशी केली, खोबरं न घालता. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. बाल्कनीत ऊन सकाळी नऊ ते अकरा, तेवढंच. आईनं वॉशिंग मशीन आत घ्यायला सांगितलंय आणि ग्रिलची उंची टेपनं मोजून ठेवलीय.